मुदतीआधी मोडता येत नाही

मृदुलाला न मागता सल्ला देण्याची खोड होती. ठाण्याहून न्यूझीलंडला येताना सामानातलं निम्मं काढून टाकावं लागलं, तरी ही खोड काही मागे राहिली नाही. ठाण्यात तिचा सल्ला लोक रांग लावून घेत, हेही खरं. एका पतपेढीत मुदतठेवींच्या खिडकीवर ती बसायची. शिवाय सोसायटीतल्या बायकांची भिशी तिनं कितीतरी वर्षं चालवली आणि एकदाही कुणाचा हप्ता बुडू दिला नाही. वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआत आल्यावर नवऱ्याला, देवव्रतला, वेलिंग्टनमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी होती. हिला मिळाली ती रेस्ट होममधली, म्हाताऱ्या माणसांना उठवायची, न्हाऊ घालायची. कामाची तिला लाज वाटली नाही. जीव नकोसा व्हायचा तो टी-रूममध्ये. बाकीच्या बायका भराभर बोलायच्या, खदाखदा हसायच्या, आणि कळलं नसलं तरी मृदुला त्यांच्या मागोमाग, जरा उशिरा हसायची. आपण इथे एक खुर्ची अडवून बसलोय, एवढंच तिला वाटायचं.

त्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून तिला पहिल्यांदा बसायला सांगितलं ते लोसानं. लोसा सामोआची. पंचेचाळिशीची, दणकट अंगाची, आवाज असा की ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्यांनाही तो ऐकू यायचा. पाठ न मोडता माणसाला चादरीवरून कसं सरकवायचं, ते तिनं शिकवलं. पाऊसवाऱ्यात टेकडीवरच्या घरापर्यंत गाडीनं सोडलं. सगळ्या मिळून भराभर बोलायला लागल्या की ती टेबलावर थाप मारून म्हणायची, "कोंबड्यांनो, हळू. माझ्या मृदूला कळू दे." त्या 'माझ्या' शब्दावर मृदुलानं परक्या देशातली दोन वर्षं काढली.

दुसऱ्या वर्षी लोसानं त्यांना नाताळला घरी बोलावलं होतं. दारात जॅन्डल्सचा, म्हणजे रबरी चपलांचा, हा ढीग, आत चुलत-मावस मिळून माणसंच माणसं, सगळं घर कसं लग्नघर झालेलं. ऑकलंडहून कुणीतरी अळूची पानं आणली होती. नारळाच्या दुधात शिजवायची होती म्हणे. मृदुलानं पानं पाहिली आणि तिला राहवलं नाही. सुरी मागून घेतली, स्वयंपाकघरात खाली बसकण मारली आणि शिरा काढायला लागली. तिचा हात इतका सराईतपणे चालला की लोसाच्या म्हाताऱ्या आईनं खुर्ची ओढून समोर ठाण मांडलं आणि हसत हसत नुसती बघत राहिली. वडीसाठी आम्ही असंच करतो, हे मृदुला खुणा करून सांगत होती. त्या दिवशी तिला या देशात पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटलं.

आणि तिथेच तिनं ती खोकी पाहिली. भिंतीशी रचलेली, कंपनीचं लाल-हिरवं चित्र असलेली. चर्चहून आल्यावर म्हातारीनं सगळ्यात वरच्या खोक्यावर हात ठेवून प्रार्थना म्हटली, लोसानं चिकटपट्टी कापली आणि पोरांनी एकच गलका केला. बिस्किटं, चॉकलेटं, पीठ, साखर, डबाबंद मांस, डबाबंद फळं. वर्षभर आठवड्याला थोडे थोडे पैसे भरायचे आणि डिसेंबरात ट्रक येऊन दारात खोकी उतरवून जातो, असा तो प्रकार होता. निघताना प्रत्येक घराच्या हातात लोसानं त्यातलं काही ना काही ठेवलं. मृदुलाच्या मुलीला, ओवीला, बिस्किटांचा डबा मिळाला.

फेब्रुवारीत त्या कंपनीचं रंगीत पुस्तक टी-रूमच्या टेबलावर आलं. लोसा पेन घेऊन खुणा करायला बसली, आणि मृदुलाची खोड जागी झाली. पुस्तक ती घरी घेऊन गेली. शनिवारी देवव्रतला आणि ओवीला घेऊन सुपरमार्केटात शिरली आणि एकेका वस्तूची किंमत लावून पाहिली. ओवी ट्रॉलीला लोंबकळत "आई, धिस इज सो बोअरिंग" म्हणत होती. देवव्रतनं तर आधीच हात टेकले होते. हिशेब झाला तेव्हा मृदुलाचा चेहरा उजळला. कंपनी जवळजवळ दीडपट घेत होती.

"घेऊ देत ना," देवव्रत म्हणाला. "हीप्स ऑफ लोक घेतात ही हॅम्परची खोकी. त्यांचं त्यांना कळतं. तू कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस?"

पण या भाकऱ्या मृदुलाला भाजायच्याच होत्या. दोन वर्षं तिनं लोसाकडून नुसतं घेतलं होतं. आता पहिल्यांदाच लोसाला द्यावं असं काहीतरी तिच्यापाशी होतं, आणि ते तिच्या हातखंड्याचं होतं. सोमवारी टी-रूममध्ये तिनं भिशी समजावून सांगितली. दर महिन्याला सगळ्यांनी सारखे पैसे काढायचे. चिठ्ठी टाकायची. जिचं नाव निघेल तिनं त्या महिन्याची सगळी रक्कम घ्यायची. ना कंपनी, ना ट्रक, ना कुणाचा नफा. इतकं सलग इंग्रजी ती त्या खोलीत कधी बोलली नव्हती, आणि गंमत म्हणजे सगळ्या गप्प बसून ऐकत होत्या.

स्वयंपाकघरातली डेबी लगेच तयार झाली. मग बाकीच्या एकेक करत आल्या. लोसा पेनानं पुस्तकाच्या कडेला रेघोट्या ओढत होती. तिनं एकच विचारलं.

"आणि ते पैसे माझ्या हातात येणार?"

"हो तर. रोख. तुझ्या हातात," मृदुला म्हणाली, आणि ते म्हणताना तिला केवढा अभिमान वाटला.

लोसानं पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. हिला विश्वास बसत नाहीये बिचारीला, असं मृदुलाला वाटलं. मग लोसानं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, ठीक आहे, मृदू म्हणते तर करू या.

चालवणारीनं शेवटचा नंबर घ्यायचा, हा मृदुलाचा ठाण्यापासूनचा नियम होता, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा नको. म्हणून तिनं स्वतःसाठी डिसेंबर ठेवला आणि बाकीच्यांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकल्या. चिठ्ठी लहान मुलानं उचलायची, म्हणून शाळा सुटल्यावर ओवीला आणलं होतं. ओवीनं डोळे मिटून हात घातला आणि पहिलं नाव निघालं ते लोसाचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मृदुलानं घरून केलेला शिरा वाटला. देव पण बघत असतो, असं तिनं त्या रात्री देवव्रतला सांगितलं. त्यावर तो म्हणाला की देवाला बहुतेक दुसरी कामं असतात.

लोसाला तिनं बजावून सांगितलं, की एवढे पैसे बँकेत टाक आणि डिसेंबरपर्यंत विसरून जा. मग आपण दोघी मिळून बाजार करू आणि खोकी भरूनही वर पैसे उरतील. लोसानं मान डोलावली.

वर्ष बघता बघता गेलं. भिशी चोख चालली. डेबीनं गाडीला नवीन टायर घातले, एकीनं दात बसवून घेतले, एकीनं मुलाचा युनिफॉर्म घेतला. टी-रूममध्ये मृदुलाला आता जागा शोधावी लागत नव्हती. लोसाचा हप्ता पगाराच्या दिवशी न चुकता यायचा, सगळ्यांत आधी. फक्त ती जरा कमी बोलायची, आणि मिळतील तेवढ्या जादा पाळ्या घ्यायची. मृदुलाच्या ते लक्षात आलं नाही असं नाही. पण आपली भिशी मार्गी लागल्याच्या आनंदात तिनं ते मनावर घेतलं नाही.

नोव्हेंबर संपत आला तशी ती लोसाच्या मागे लागली. चल, या शनिवारी जाऊ या बाजाराला. लोसा म्हणाली, पुढच्या. पुढच्या शनिवारी तिची पाळी निघाली. त्याच्या पुढच्या शनिवारी आईला बरं नव्हतं. नाताळला या, असंही लोसा यंदा म्हणाली नाही. टी-रूममध्ये मृदुला आली की ती कप विसळायला उठायची. मृदुला मनातून दुखावली. गरज सरो वैद्य मरो, असं एकदा तिच्या तोंडून घरात निघूनही गेलं. ते शब्द पुढे तिला फार दिवस टोचत राहिले.

शेवटी ती स्वतःच गेली. शाळांना सुट्टी लागली होती, ओवी बरोबर होती. लोसाला आवडायच्या म्हणून चकल्यांचा डबा ओवीच्या मांडीवर होता. त्यांची गाडी दारात थांबली तशी लोसाची धाकटी, सहा-सात वर्षांची, अनवाणी धावत बाहेर आली. तिनं आधी मागच्या सीटवर पाहिलं, मग वळसा घालून डिकीपाशी गेली.

"तुम्ही खोकी आणलीत?" तिनं विचारलं.

मृदुलाला काही कळेना. पोर तशीच डिकीवर हात ठेवून उभी राहिली. ट्रक अजून आला नाही, ती सांगू लागली, रोज ती खिडकीत बसते पण ट्रक येतच नाही. तेवढ्यात लोसा दारात आली. तिनं मुलीला आत पाठवलं आणि ओवीलाही तिच्याबरोबर जायला सांगितलं. मग ती पायरीवर बसली. मृदुला बाजूला बसली. वारा इतका होता की लोसाला नेहमीच्या आवाजात बोलावं लागलं असतं, पण ती हळूच बोलत होती आणि मृदुलाला वाकून ऐकावं लागत होतं.

पैसे मार्चमध्येच गेले होते. चुलता वारला होता. मयताला सगळ्या घरांनी आपापला वाटा घालायचा असतो, आणि लोसाच्या हातात नुकतेच पैसे आले आहेत हे भावाला ठाऊक होतं. तिनंच आनंदानं सांगितलं होतं. त्यानं मागितले, तिनं दिले. तेव्हापासून ती भिशीचा हप्ता तेवढा भरत होती. हप्ता भरून दुसरं काही मागे टाकायला उरत नव्हतं.

"मला सांगायचंस," मृदुला म्हणाली. "तू त्याला नाही म्हणायचंस."

लोसानं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, हेच मृदुलाला सहन झालं नाही.

"खोकी कुणी मागत नाही, मृदू. पैसे मागतात. कंपनीला भरले की मी कुणालाही सांगू शकते, माझ्याकडे काही नाही, आणि ते खोटं नसतं. ती खोकी महाग आहेत, ते मला माहीत होतं. मला काय दुकान माहीत नाही?"

"मग हो का म्हणालीस?"

"तू पहिल्यांदाच आमच्याकडे काहीतरी मागत होतीस," लोसा म्हणाली.

मृदुलानं लगेच सांगून टाकलं की डिसेंबरचा नंबर माझा आहे, ते सगळे पैसे तू घे. लोसानं जोरात मान हलवली. तुझे मी घेणार नाही. यंदा आम्ही साधंच करू. पोरं एक वर्ष थांबतील. आणि हे तू कुणाला बोलायचं नाहीस. असं म्हणून तिनं चकल्यांचा डबा घेतला आणि आत गेली.

परतताना मृदुलाला आशालताबाई आठवल्या. त्या ठाण्यात पोळीभाजीचे डबे करायच्या आणि पै पै करून मुदतठेव ठेवायच्या. पतपेढीत थोडं व्याज कापून कुणालाही ठेव केव्हाही मोडता यायची. पण आशालताबाई खिडकीतून हात घालून मृदुलाचं मनगट धरायच्या आणि म्हणायच्या, घरातलं कुणी विचारायला आलं तर सांगा हो बाई, मुदतीआधी मोडता येत नाही. मृदुला सांगायची. आशालताबाईंच्या नवऱ्याला, दिराला, मोठ्या लेकाला, तोंडावरची रेषही न हलवता तिनं ते सांगितलं होतं. त्या एका खोट्यावर किती बायकांचे संसार उभे राहिले, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. आणि त्याच मृदुलानं लोसाची न मोडणारी ठेव आपल्या हातानं मोडून तिच्या तळहातावर ठेवली, वर शिराही वाटला. मृदुलाला स्वतःची भयंकर चीड आली. गाडी बाजूला घेऊन ती रडली. ओवी मागून विचारत राहिली, "आई, आर यू ओके?"

चूक केली की ती लगेच निस्तरायची, हीही तिची एक खोडच. देवव्रत म्हणाला, ती नको म्हणालीये ना, मग नको. तिला ऑकवर्ड होईल. मृदुला म्हणाली, तुला नाही कळायचं. भिशीचे पैसे घेऊन ती सुपरमार्केटात गेली आणि कंपनीचं पुस्तक डोळ्यांपुढे असल्यासारखी एकेक वस्तू ट्रॉलीत घालत सुटली. पीठ, साखर, बिस्किटं, पीच, चॉकलेटं. गोमांसाच्या डब्यांपाशी ती थबकली. आयुष्यात तिनं त्या फळीला हात लावला नव्हता. मग तिनं ते डबे दोन्ही हातांनी उचलून ट्रॉलीत रचले, आणि देवव्रत दुसरीकडे बघत राहिला. पैसे देताना तिच्या लक्षात आलं की हिशेब तिचा तंतोतंत बरोबर होता. सगळं सामान कंपनीपेक्षा कितीतरी स्वस्तात आलं होतं. त्याचं आता काय करायचं, तिला कळेना.

खोकी तिनं दुकानातूनच मागून घेतली, केळ्यांची. नाताळच्या आदल्या संध्याकाळी देवव्रतनं ती लोसाच्या दारात उतरवली, बेल वाजवली आणि तिनं सांगितल्याप्रमाणे न बोलता परत निघाला. पण गाडी वळते न वळते तोच धाकटी ओरडत बाहेर आली होती, असं त्यानं घरी येऊन सांगितलं. आणि लोसा? लोसा दारात उभी होती. नुसती उभी होती.

तासाभरानं फोन आला. लोसाच्या नवऱ्याचा. आजवर तो कधी मृदुलाशी फोनवर बोलला नव्हता. तो अगदी सावकाश, एकेक शब्द जोडत म्हणाला की उद्या दुपारी आपण सर्वांनी आमच्या घरी जेवायला यावं, ही आमच्या कुटुंबाची विनंती आहे. मृदुलाला इतका आनंद झाला की तिनं तिथल्या तिथे कपाटातून साडी काढली. बघ, ती देवव्रतला म्हणाली, सगळं सरळ झालं.

दुसऱ्या दिवशी दारात जॅन्डल्सचा तसाच ढीग होता. तिनं चपला काढल्या आणि सवयीनं स्वयंपाकघराकडे वळली. अळूची पानं ओट्यावर आलीच होती. तिनं सुरीला हात घातला, तर लोसाच्या नणंदेनं ती हलकेच तिच्या हातातून काढून घेतली आणि दंडाला धरून तिला बाहेरच्या खोलीत आणलं. तिथे पुढच्या बाजूला तीन खुर्च्या मांडल्या होत्या. पाद्री येतात तेव्हा मांडतात तशा, टेबलावर पांढरं कापड घालून. बाकी सगळे खाली चटयांवर. केळ्यांची खोकी भिंतीशी रचली होती.

म्हातारीनं वरच्या खोक्यावर हात ठेवून प्रार्थना म्हटली. त्या अनोळखी भाषेत मृदुलाला आपलं नाव ऐकू आलं, मग देवव्रतचं, मग ओवीचं. मग पोरांना एका रांगेत उभं केलं. एकेक जण पुढे येऊन मान खाली घालून थँक यू म्हणून गेलं. धाकटीही आली. तिला हसू येत होतं, तिनं ते दाबलं. ओवी कानाशी लागली, मी खाली जाऊन त्यांच्यात बसू का? लोसाच्या नवऱ्यानं नम्रपणे सांगितलं की पाहुण्यांनी इथेच बसायचं असतं.

मग ताटं आली, फक्त तीन. पाहुण्यांचं झाल्याशिवाय घरचे जेवणार नव्हते. पन्नासेक माणसं त्यांच्याकडे न बघण्याची काळजी घेत बसली होती. मृदुलानं घास उचलला आणि मानेवर वारा आला. तिनं वळून पाहिलं. लोसा मागे उभी होती. चर्चचा पांढरा पोशाख, केसांत फूल, हातात विणलेला पंखा. मृदुलाच्या ताटावर माशी बसू नये म्हणून ती वारा घालत होती.

"लोसा, बस ना," मृदुला म्हणाली. "माझ्या शेजारी बस."

"आधी तुम्ही जेवा, मृदुला," लोसा म्हणाली.

नारळाच्या दुधातलं अळू मृदुलानं तोंडात घातलं. शिरा नीट निघाल्या नव्हत्या, घसा खवखवला. तरी ती खाली मान घालून जेवत राहिली, कारण ती थांबली असती तर पाठीमागचा पंखाही थांबला असता आणि मग काहीतरी बोलावं लागलं असतं.